देहातील अफू आणि अंतःस्राव

चेन्नई शहराच्या दक्षिण टोकाला तांबरम आहे. तेथे पोचण्यापूर्वी लोकलगाडी ज्या स्थानकावर थांबते त्याचे नावच मुळी 'तांबरम सॅनेटोरियम' असे आहे. १९२८ साली डॉ. डेव्हिड चौरी मुथ्थू यांनी ह्या मोकळ्या माळावर क्षयरोग्यांसाठी एक आरोग्यधाम उभारले. त्यापूर्वी इंग्लंडमध्ये मेंडिपच्या टेकड्यांत त्यांनी असेच आरोग्यधाम चालवले होते, आणि थोर गणिती रामानुजन् यांनीही तेथे काही काळ उपचार घेतले होते. १९३७ मध्ये तांबरमची ही संस्था मद्रास सरकारकडे गेली. आज ती वक्षरोगांचे शासकीय रुग्णालय म्हणून ओळखली जाते. त्याच परिसरात २००५ पासून सिद्ध वैद्यकाची राष्ट्रीय संस्थाही नांदत आहे. जुने वैद्यक आणि नवे वैद्यक येथे अगदी शेजारी-शेजारी आहेत.

१९२८ साली क्षयावर रामबाण असे एकही औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागायला अजून पंधरा वर्षे होती. तांबरमला काय किंवा आपल्याकडे मिरजेजवळच्या वानलेसवाडीला काय, विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार हीच त्या काळची चिकित्सा. परंतु रात्र पडली की क्षयरोग्याचा खोकला बळावतो. तो त्याला झोपू देत नाही आणि शेजारच्या खाटेवरच्यालाही झोपू देत नाही. अशा रात्री जगभरचे डॉक्टर ज्या औषधाकडे वळत ते म्हणजे कोडीन. आणि कोडीन हे अफूचेच अपत्य.

अफूचा हा गुण आपल्या वैद्यांना नवा नव्हता. सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' ह्या ग्रंथात खसखशीच्या बोंडाच्या सालीचे गुण सांगितले आहेत. ती कफ व खोकला दूर करते, मळ बांधून धरते, देहातील धातू सुकवते, मोह उत्पन्न करते. आणि ह्या सर्वांच्या शेवटी एक गंभीर इशारा आहे, तो असा की तिच्या सेवनाने पुंस्त्वाचा नाश होतो. ग्रंथकाराने हे गुण एका दमात सांगून टाकले. खोकला थांबणे आणि पुंस्त्व जाणे ह्यांचा परस्परांशी संबंध काय, हा प्रश्न त्याने उपस्थित केला नाही. तो उपस्थित होण्यास आणि त्याचे उत्तर मिळण्यास चारशे वर्षे जावी लागली. ते उत्तर मोठे मनोवेधक आहे, आणि ज्यांच्या घरात दीर्घकाळ वेदना सोसणारा एखादा माणूस आहे त्यांच्या दृष्टीने ते महत्त्वाचेही आहे.

अफूतील मुख्य सत्त्व मॉर्फिन. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते वेगळे काढण्यात आले. ते अगदी अल्प मात्रेत देहावर एवढी सत्ता चालवते, त्याअर्थी देहात त्याच्यासाठी काही नेमकी जागा असली पाहिजे, एखाद्या किल्लीसाठी जसे कुलूप असावे तशी, असा तर्क पुष्कळ दिवस चालू होता. १९७३ साली बाल्टिमोर, न्यूयॉर्क आणि स्वीडनमधील उप्साला येथील तीन प्रयोगशाळांनी ते कुलूप प्रत्यक्ष दाखवून दिले. मेंदूतील पेशींच्या पृष्ठभागावर मॉर्फिनला नेमके धरून ठेवणारे ग्राही आहेत, हे सिद्ध झाले. आता दुसरा प्रश्न सहजच पुढे आला. खसखशीच्या शेतात तयार होणाऱ्या द्रव्यासाठी निसर्गाने माणसाच्या मेंदूत कुलपे कशाला करून ठेवावीत? कुलूप आहे तर किल्लीही घरातच असली पाहिजे.

ती किल्ली १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे सापडली. जॉन ह्यूजेस आणि हान्स कॉस्टर्लिट्झ ह्या दोघा शास्त्रज्ञांनी डुकरांच्या मेंदूंतून दोन चिमुकली द्रव्ये वेगळी केली. प्रत्येकात अवघी पाच ॲमिनो आम्ले. त्यांना 'एन्केफॅलिन' असे नाव मिळाले. ही द्रव्ये अफूसारखीच वागतात की नाही हे त्यांनी पाहिले कशावर? गिनीपिगच्या आतड्याच्या तुकड्यावर आणि नर उंदराच्या शुक्रवाहिनीवर. विजेच्या हलक्या झटक्याने ही शुक्रवाहिनी आकुंचन पावते आणि अफूसदृश द्रव्याचा थेंब पडला की ते आकुंचन मंदावते. मेंदूतील वेदनाशामकाची कसोटी जननेंद्रियाच्या एका नळीवर घेतली जावी, ही गोष्ट त्या वेळी केवळ सोयीची वाटली असेल. परंतु ह्या द्रव्यांचे कार्यक्षेत्र वेदनेपुरते मर्यादित नाही, ही सूचना तिच्यातच दडलेली होती.

लवकरच ह्या कुटुंबातील आणखी व्यक्ती उजेडात आल्या. सॅन फ्रान्सिस्कोमधील चो हाओ ली हे पीयूषिका ग्रंथीचे मोठे अभ्यासक. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी लोंबणारी ही ग्रंथी म्हणजे देहातील बहुतेक अंतःस्रावी ग्रंथींची मुकादम. १९६४ साली ली यांनी मेंढ्यांच्या पीयूषिकेतून ९१ ॲमिनो आम्लांची एक साखळी वेगळी केली होती. तिचा उपयोग काय, हे मात्र कळत नव्हते. पुढे उंटांच्या पीयूषिका ग्रंथींतून त्यांना ह्याच साखळीचा शेवटचा तुकडा मिळाला. तो ३१ ॲमिनो आम्लांचा होता, आणि त्याच्या आरंभी ॲबर्डीनचे एक एन्केफॅलिन जसेच्या तसे बसलेले होते. हा तुकडा म्हणजेच 'बीटा-एन्डॉर्फिन', देहातच तयार होणारे मॉर्फिन. १९७९ मध्ये अमेरिकेत ॲव्हराम गोल्डस्टीन यांनी त्याहून प्रबळ असे आणखी एक द्रव्य शोधून त्याला 'डायनॉर्फिन' हे नाव दिले. सामर्थ्य ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतलेले आहे.

त्याच वर्षी जपानमधील क्योतो येथे नाकानिशी आणि नुमा यांनी जे दाखवले त्याने तर अंतःस्रावांच्या शास्त्राला नवीच दिशा मिळाली. बीटा-एन्डॉर्फिन स्वतंत्रपणे तयार होत नाही. पेशीत आधी एक लांबलचक प्रथिन विणले जाते आणि मग त्याचे तुकडे पाडले जातात. एका तुकड्यातून एन्डॉर्फिन निघते, दुसऱ्यातून 'एसीटीएच' हे संप्रेरक निघते. हे दुसरे संप्रेरक मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना चालना देते, आणि त्या ग्रंथी कॉर्टिसोल नावाचा स्राव रक्तात सोडतात. संकटकाळी रक्तदाब सावरणे, रक्तातील साखर टिकवणे, देहाला झुंजण्यास उभे करणे हे कॉर्टिसोलचे काम. म्हणजे एकाच ठाणावरून दोन कापडे कापली जातात. एक युद्धाच्या निशाणाचे, दुसरे जखमेवर बांधण्याच्या पट्टीचे. आघाताची हाक आणि वेदनेची शांती ह्या दोन्ही गोष्टी निसर्गाने एकाच सूत्रात गुंफल्या आहेत. अफूसदृश द्रव्यांचे अंतःस्रावांशी नाते नंतर जुळलेले नाही. ते जन्माचेच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पुंस्त्व म्हणा की ऋतुप्राप्ती म्हणा, प्रजननाचा सारा व्यवहार शेवटी मेंदूतील हजार-दोन हजार पेशींवर अवलंबून असतो. हायपोथॅलॅमस नावाच्या भागात विखुरलेल्या ह्या पेशी दहा ॲमिनो आम्लांचे एक संप्रेरक स्रवतात. गीलमँ आणि शॅली यांनी १९७१ मध्ये त्याची रचना उलगडली, आणि हायपोथॅलॅमसमधील अशा संप्रेरकांवरील कार्याबद्दल १९७७ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. हे संप्रेरक पीयूषिकेला जागे करते. पीयूषिका आपल्या स्रावांनी बीजांडकोशांना किंवा वृषणांना जागे करते. आणि मग स्त्रीच्या देहात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन, पुरुषाच्या देहात टेस्टोस्टेरॉन तयार होते.

ह्या व्यवहाराचे मर्म त्याच्या लयीत आहे. हे संप्रेरक नळासारखे अखंड वाहत नाही. साधारणपणे तास-दीड तासाने त्याची एकेक लाट येते. अर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडिणींवर प्रयोग करून १९७८ मध्ये दाखवले की, तेच संप्रेरक तासातासाने दिले तर पीयूषिका उत्तम चालते. पण सतत दिले तर ती काम करणेच थांबवते. ज्यांनी विहिरीवर मोट चालताना पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. मोट थारोळ्यात रिती होते, बैल उलटे मागे सरतात, मोट पुन्हा पाण्यात बुडते, भरते आणि मगच वर येते. बैलांना धावेवर मागे फिरवलेच नाही तर दुसरी मोट येणारच नाही. पाण्याचा प्रत्येक लोट हा जसा बैलांच्या ओढीचा, तसाच तो त्यांच्या माघारी फिरण्याचाही असतो.

ह्या मोटेवर बैलांना हाकणारे कोण आणि मागे फिरवणारे कोण, हे चालू शतकाच्या आरंभीच्या वर्षांत स्पष्ट होऊ लागले. हाकणाऱ्याचे नाव 'किसपेप्टिन'. त्याचा जनुक १९९६ मध्ये अमेरिकेतील हर्शी ह्या गावी सापडला, आणि तेथल्या सुप्रसिद्ध चॉकलेटावरून त्याचे नामकरण झाले. ज्यांच्या देहात ह्या द्रव्याचा ग्राही सदोष असतो त्यांना तारुण्यच येत नाही, हे २००३ मध्ये उघडकीस आले. पुढे असे आढळले की, किसपेप्टिन स्रवणाऱ्या हायपोथॅलॅमसमधील एका विशिष्ट समूहाच्या पेशी आणखी दोन द्रव्ये बाळगतात. एक 'न्यूरोकायनिन-बी', जे लाटेची सुरुवात करते. आणि दुसरे आपल्या परिचयाचे डायनॉर्फिन, जे लाट ओसरवते. हाक मारणारा आणि लगाम खेचणारा एकाच पेशीत वस्तीला आहेत. मेंढ्या आणि उंदीर यांच्यावरील प्रयोगांत हे चित्र विशेष स्पष्ट दिसते. मनुष्यात तपशिलाचे काही भेद आहेत. परंतु अफूसदृश द्रव्ये ह्या लयीवर लगाम धरतात ही मुख्य गोष्ट मनुष्यातही खरी आहे.

तिचा पुरावा अगदी साधा आहे. नालोक्सोन नावाचे एक औषध अफूच्या ग्राहींवर जाऊन बसते, पण त्यांना उघडत नाही. कुलपात मोडकी किल्ली अडकवून ठेवावी तसे. निरोगी स्त्रीला मासिक चक्राच्या उत्तरार्धात हे औषध दिले की पीयूषिकेच्या लाटा वाढतात. म्हणजे तोपर्यंत देहातील स्वतःची अफू त्यांना आवरून धरत होती. हेच औषध पाळी सुटल्यावरच्या वयात दिले तर काहीच फरक पडत नाही. कारण ह्या लगामाला पीळ देतात ते बीजांडकोशांचेच स्राव, विशेषतः प्रोजेस्टेरॉन. बीजांडकोशांचे काम आटोपले की लगामही ढिला पडतो. ऋतुनिवृत्तीच्या काळात स्त्रियांना ज्या उष्णतेच्या लाटा येतात त्यांच्या मुळाशी ह्याच पेशींची बेबंद झालेली हालचाल आहे, असे आता दिसून आले आहे. आणि त्यांतील न्यूरोकायनिन-बीला अडवणारे एक औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यही झाले. घरोघरीच्या प्रौढ स्त्रिया ज्याला 'अंगाचा भडका' म्हणत आणि मुकाट्याने सोसत, त्याची नाळ अशा रीतीने ह्या सूक्ष्म यंत्रणेशी जोडलेली आहे.

मातृत्वाच्या प्रसंगीही हीच द्रव्ये पुन्हा भेटतात. बाळ अंगावर पिऊ लागले की मेंदूतील डोपामिनचा पहारा उठतो आणि दूध उत्पन्न करणारे प्रोलॅक्टिन वाढते. हा पहारा उठवण्यात अफूसदृश द्रव्यांचा हात असतो. मूल अंगावर पीत असेतो पुष्कळ स्त्रियांना पाळी येत नाही. ह्या नैसर्गिक अंतरामागे अनेक कारणे आहेत, त्यांपैकी हे एक. प्रसूतीच्या बाबतीत उंदरांवरील प्रयोगांनी असे दाखवले आहे की, गर्भ पुरा वाढत आला की देहातील अफू ऑक्सिटोसिन ह्या संप्रेरकाला धरून ठेवते. कळा आणणारे हे द्रव्य वेळेपूर्वी खर्ची पडू नये, ऐन घटकेसाठी साठून राहावे, ही त्यातील योजना.

ह्या सगळ्या उदाहरणांत एक समान धागा आहे. एन्डॉर्फिन म्हणजे आनंदाचे रसायन, अशी समजूत आता सार्वत्रिक झाली आहे. धावणाऱ्याला जी धुंदी चढते ती एन्डॉर्फिनची, असे तर छातीठोकपणे सांगण्यात येते. वस्तुतः अफूचे ग्राही औषधाने बंद केल्यावरही धावणाऱ्यांना तो उल्हास वाटतो, असे अलीकडच्या प्रयोगांत आढळले आहे. शिवाय रक्तातील एन्डॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही. तेव्हा ह्या द्रव्यांना आनंदाचे दूत म्हणण्यापेक्षा घरातील काटकसरी वडीलमाणूस म्हणणे अधिक योग्य. काय आता खर्चावे आणि काय राखून ठेवावे, ह्याचा विवेक त्यांच्याकडे सोपवलेला दिसतो. दुष्काळ, दीर्घ आजार, अतिश्रम, भय अशा वेळी देह प्रजननाचा खर्च थांबवतो. अर्थात हा निर्णय ही द्रव्ये एकट्याने घेत नाहीत. अंगावरची चरबी घटल्याची वर्दी देणारे लेप्टिन, तणावात स्रवणारी संप्रेरके, अशा अनेकांचे मत त्यात पडते. परंतु लगाम ज्या हातांत असतो त्यांत देहातील अफूचा हात निश्चित असतो. कठोर व्यायाम करणाऱ्या आणि वजन घटलेल्या काही तरुणींची थांबलेली पाळी अफूरोधक औषधाने परत आली आहे. सर्वांची मात्र आलेली नाही.

क्षयाने खंगलेल्या स्त्रीची पाळी थांबते, हे आरोग्यधामांच्या काळापासून डॉक्टरांना माहीत आहे. कधी क्षयाची बाधा गर्भाशयालाच झालेली असते. पण पुष्कळदा देहाने तिजोरीला कुलूप घातलेले असते, एवढेच. रोग हटला, वजन भरले की ते कुलूप आपोआप निघते. देहाचा लगाम सैल होऊ शकतो, कारण तो परिस्थिती पाहून धरलेला असतो.

बाहेरून आलेली अफू मात्र परिस्थिती पाहत नाही, आणि धोका आहे तो येथेच. खोकल्यासाठी, वेदनेसाठी किंवा व्यसनापायी घेतलेले मॉर्फिन त्याच कुलपांत शिरते आणि तोच लगाम खेचते. परंतु तो खेचताना त्याला दुष्काळ आहे की सुकाळ आहे ह्याची गंधवार्ता नसते. मॉर्फिनची मात्रा दिल्यावर काही तासांतच पुरुषाच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन उतरू लागते. चार दिवसांच्या औषधाने काही बिघडत नाही. औषध थांबताच ते पूर्ववत होते. पण महिनोमहिने अशी औषधे घेणाऱ्या पुरुषांत निम्म्याहून अधिकांचे टेस्टोस्टेरॉन खालावलेले असते, असे अनेक पाहण्यांत दिसून आले आहे. स्त्रियांची पाळी अनियमित होते किंवा थांबते. काही वर्षांनी हाडे ठिसूळ होतात. उत्साह मावळतो, स्नायू गळतात, मन खिन्न राहते. आणि हे सारे मूळ दुखण्याच्या खात्यावर मांडले जाते. 'भावप्रकाश'कारांनी धातूंचा शोष आणि पुंस्त्वाचा नाश जवळजवळ सांगितले होते, ते किती चोख निरीक्षण होते हे येथे पटते. अफूला कामोत्तेजक समजणाऱ्यांचा भ्रमही येथे दूर व्हावा. ती स्खलन लांबवते हे खरे. पण ज्या झऱ्यावर कामशक्ती पोसली जाते तो झराच ती आटवत असते.

छातीच्या रुग्णालयात तर ही बाब दुहेरी महत्त्वाची ठरते. ही औषधे केवळ प्रजननाच्या संप्रेरकांवरच नव्हे, तर एसीटीएच आणि कॉर्टिसोल यांवरही लगाम घालतात. असे कॉर्टिसोल धोकादायक पातळीपर्यंत उतरणे विरळा असले तरी शक्य आहे, अशी सूचना २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने सर्व डॉक्टरांना दिली. आता क्षयाचा विचार करावा. क्षयाचे जंतू कधी कधी अधिवृक्क ग्रंथींनाच पोखरतात. १८५५ साली टॉमस ॲडिसन यांनी ह्या ग्रंथींच्या विकाराचे वर्णन केले, तेव्हा त्यामागे बहुधा क्षयच असे. क्षयावरचे मोलाचे औषध जे रिफाम्पिसिन, ते यकृताला अशी चालना देते की कॉर्टिसोल नेहमीपेक्षा लवकर झिजून जाते. त्यात अफूजन्य औषधाची भर पडली की तिन्ही गोष्टी एकाच दिशेला ओढतात. रुग्ण गळून जातो, रक्तदाब उतरतो, अन्न नकोसे होते. आणि घरचे म्हणतात, क्षयाचा अशक्तपणा आहे, हळूहळू भरून येईल. तो अशक्तपणाच असेल असे नाही. रक्ताची एक साधी तपासणी तेथे प्राण वाचवू शकते.

तांबरमचा इतिहास येथे आणखी एक धडा देतो. १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासणीतून भारतातील एचआयव्हीचा संसर्ग प्रथम उघडकीस आला. सुनीती ह्या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबातल्या. १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने जी सेवासंस्था काढली तिने पुढे चेन्नईतील इंजेक्शनने अमली द्रव्ये घेणाऱ्यांच्या आरोग्याचा दीर्घ अभ्यास केला. इकडे तांबरमचे क्षयरुग्णालय एचआयव्हीबाधितांच्या शुश्रूषेचे देशातील एक मोठे केंद्र बनले. २००४ मध्ये केंद्र सरकारने ह्या रोगावर मोफत औषधयोजना सुरू केली, तेव्हा पहिल्या मोजक्या रुग्णालयांत मुंबईचे जे. जे. होते आणि तांबरमही होते. एचआयव्ही, क्षय आणि अफूजन्य द्रव्याचे व्यसन ह्या तिन्ही गोष्टी जेव्हा एकाच देहात एकत्र येतात, तेव्हा त्या देहाच्या संप्रेरकांची काय दशा होत असेल ह्याची कल्पना करता येते. शिवाय व्यसनमुक्तीसाठी जे मेथाडोन देण्यात येते ते रिफाम्पिसिनमुळे लवकर नष्ट होते, आणि रुग्णाला पुन्हा ओढ लागून तो तळमळू लागतो. ही तळमळ म्हणजे त्याचा दुबळेपणा नव्हे. दोन औषधांची ती गाठ आहे. ब्यूप्रेनॉर्फिन हे दुसरे औषध पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनला मेथाडोनपेक्षा कमी बाधते, हीदेखील डॉक्टरांनी ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

एवढे ऐकून कोणी असा निष्कर्ष काढील की, मॉर्फिन हे औषधच वाईट. तसे झाले तर तो अनर्थ होईल. अफूची कायदेशीर शेती करणाऱ्या थोड्या देशांत भारताची गणना होते. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश येथे तिची लागवड होते. नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. असे असूनही १९८५ च्या अमली द्रव्यविषयक कायद्यातील जाचक अटींमुळे कर्करोगाने तळमळणाऱ्या असंख्य भारतीयांना मॉर्फिनची एक गोळी मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, वाट थोडी सुकर झाली. पण डॉक्टरांच्या आणि घरच्या माणसांच्या मनातील भीती अद्याप गेलेली नाही. मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून 'शांती अवेदना सदन' ही संस्था मरणोन्मुख कर्करुग्णांची सेवा करीत आहे. ज्याच्या आयुष्याचे दिवस मोजके उरले आहेत त्याच्या टेस्टोस्टेरॉनची चिंता करीत त्याला वेदनेत ठेवणे ही क्रूरता होय. त्याला मॉर्फिन मिळालेच पाहिजे, आणि पुरेसे मिळाले पाहिजे.

विवेक करायचा तो येथे. दिवस मोजके असतील तर वेदना हाच एक शत्रू मानावा. पण जुनाट कंबरदुखी, अपघाताचे दुखणे किंवा व्यसनमुक्तीचा उपचार अशा कारणांनी ज्याला ही औषधे वर्षानुवर्षे घ्यावयाची आहेत, त्याच्यापुढे सबंध संसार पडलेला असतो. त्याला सहा महिन्यांनी, वर्षाने दोन प्रश्न कोणीतरी विचारले पाहिजेत. बाईंची पाळी नियमित येते का? पुरुषाची इच्छा आणि उमेद पूर्वीसारखी आहे का? आपल्याकडे हे प्रश्न विचारले जात नाहीत. डॉक्टरांना घाई असते, रुग्णाला लाज वाटते, आणि नवरा-बायकोमध्ये अबोला धरून बसलेले दुःख कोणाच्याही केसपेपरवर येत नाही. तरुण स्त्रीला तर आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. औषध कमी केल्यावर किंवा बदलल्यावर बीजांडकोश पुन्हा जागे होतात, तेही पहिली पाळी दिसण्यापूर्वीच. 'पाळी नाही, तेव्हा दिवस राहणार नाहीत' ह्या भरवशावर राहणे चुकीचे ठरेल. उलट ज्यांना अपत्याची आशा सुटली होती त्यांना हीच वार्ता आनंदाची वाटेल. कारण बहुतेकांच्या बाबतीत हा लगाम सुटतो. बिघाड कायमचा नसतो. ज्यांना औषध सोडता येत नाही त्यांच्यासाठी औषध बदलणे, मात्रा उतरवणे किंवा उणे पडलेले संप्रेरक वैद्यकीय देखरेखीखाली पुरवणे, हे उपाय आहेत. मात्र मनाने औषध एकाएकी बंद करणे हा त्यांपैकी उपाय नव्हे. त्याने देह हादरून जातो.

निसर्गाने आपल्या देहात अफू ठेवली ती आपल्याला धुंद करण्यासाठी नव्हे. वेदना सोसवेल एवढी कमी व्हावी, साठा वेळेपर्यंत पुरावा, आणि वाईट दिवसांत देहाने नव्या जिवाची जबाबदारी घेऊ नये म्हणून त्याने ती ठेवली. खसखशीच्या बोंडातून तेच सामर्थ्य माणसाच्या हाती आले. वेळ पाहून लगाम धरण्याचे आणि वेळ पाहून तो सोडण्याचे शहाणपण मात्र त्या बोंडातून येत नाही. ते औषध देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने स्वतःच पुरवावे लागते; आणि त्याची सुरुवात संकोच बाजूला ठेवून विचारलेल्या एखाद्या साध्या प्रश्नाने होऊ शकते.